जेकबचं एक वर्ष आणि एक दिवस

कॉर्नलॉ, डरहॅम परगणा
२३ सप्टेंबर १९५१

प्रिय नोरा,

हे पत्र बसून वाच, आणि कोलिन घरात असेल तर त्यालाही जवळ बसव. आपला जेकब जिवंत आहे, हे आधी सांगतो. आता पुढचं.

चौदा तारखेला, शुक्रवारी, उजाडता उजाडता नॉर्मन हेडलीने त्याच्या पाठीत फावडं घातलं. कमरेच्या वर बोटभर. मणका गेला. पाय दोन्ही लाकडासारखे पडलेत आणि मूत्रपिंडाला मार आहे. शनिवारी आमच्या लीक क्लबचं प्रदर्शन होतं, ते मी सेक्रेटरी म्हणून रद्द केलं. चाळीस वर्षांत युद्धातसुद्धा केलं नव्हतं.

तू गाव सोडून तीस वर्षं झाली तरी आमचे रिवाज विसरली नसशील. कोलिन मात्र या गावचा जावई असला तरी तिकडचा, त्याला समजावून सांग, नाहीतर तो म्हणेल कांद्याच्या एका चुलतभावासाठी माणसं एकमेकांना मारतात. मनगटाएवढा पांढराशुभ्र दांडा, वर अखंड हिरवी पात, एकही चीर नाही, असे जोडीचे लीक वर्षभर पोराबाळांसारखे वाढवायचे आणि प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी येऊन सुरीने चिरून जायचं. हे पूर्वी घडलंय, म्हणून पंधरा दिवस पहारा. पहारेकऱ्याच्या गळ्यात क्लबची पितळी शिट्टी. वाफ्यांकडे येणाऱ्याने फाटकातून हाक मारायची, पहारेकऱ्याने दोनदा शिट्टी मारायची. उत्तर आलं नाही तर आत जो आहे तो चोर, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

नॉर्मन रात्रपाळी संपवून खाणीतून थेट वाफ्यांवर आला. हाक मारली. उत्तर नाही. बघतो तर त्याच्याच वाफ्यात एक माणूस ओणवा, हातात सुरी. पुढचं सांगायला नको. पालथा केला तेव्हा कळलं की हा जेकब. नॉर्मननेच त्याला दाराच्या फळीवर घालून दवाखान्यात नेलं आणि तिथेच बाकावर पोलिसांची वाट बघत बसला.

पहारेकरी उजाडल्यावर घरी जातो, म्हणून तिथे कुणी नव्हतं. जेकब नॉर्मनच्या वाफ्यात काय करत होता, हे त्याने अजून सांगितलेलं नाही. पोलिसांनी विचारलं तर एवढंच म्हणाला, "सुरी माझीच होती."

अ‍ॅडा धीराची आहे. नवऱ्यापाशी बसून असते, तुझी मात्र फार आठवण काढते.

तुझा भाऊ,
विल्फ


ओमारू, न्यूझीलंड
६ ऑक्टोबर १९५१

विल्फ,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. बसण्याइतका दम कुठे होता.

नॉर्मन हेडली. शाळेत माझ्या वेणीला डिंक लावणारा नॉर्मन. सव्वीस वर्षं आपल्या जेकबबरोबर एकाच थरावर, एकमेकांच्या दिव्याच्या उजेडात कोळसा फोडला त्याने, आणि पाठ ओळखता आली नाही? मला नको सांगूस. गेली दहा वर्षं पहिलं बक्षीस कधी याला कधी त्याला, हे तूच लिहीत आलास. क्लबात बसून तो म्हणायचा ना, माझ्या लीकला हात लावील त्याला त्याच वाफ्यात पुरीन? हेही तूच लिहिलं होतंस, आणि मी मूर्खासारखी हसले होते.

जेकब तिथे का गेला होता? तू त्याचा थोरला भाऊ आहेस, क्लबचा सेक्रेटरी आहेस, आणि मला लिहितोस की सांगत नाही. गाव काय म्हणतं ते मी इथे बसून ऐकू शकते. तोंड उघड की रे, विल्फ.

एक पार्सल पाठवतेय: लोण्याचे चार डबे, साखर, सुकी जर्दाळू. तुमच्याकडे अजून रेशनच आहे म्हणे. हे जेकबच्या तोंडात गेलं पाहिजे. हेडलींच्या घरात यातला एक चमचाही जाता कामा नये, हे अ‍ॅडाला वाचून दाखव.

नोरा


कॉर्नलॉ
२ डिसेंबर १९५१

प्रिय नोरा,

पार्सल पोचलं. लोणी जिथे जायचं तिथेच गेलं.

जेकबला घरी आणलाय. पुढच्या खोलीत खिडकीशी पलंग लावलाय, तिथून वाफे दिसतात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मूत्रपिंडं हळूहळू दगा देणार, नाताळ दिसला तर नशीब समजा. हे त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं, पण जेकबचे कान माहीत आहेत ना तुला? खाणीतल्या सुरुंगांनी उजवा गेला, डावा दोघांचं काम करतो.

डरहॅमच्या मोठ्या कोर्टात नॉर्मनला दीड वर्षाची कैद झाली. त्याच्या वकिलाने सगळा भर एका गोष्टीवर दिला: समोर सुरी घेतलेला चोर होता, माणूस भडकला. न्यायाधीश बागवाले असावेत. त्यांनी मान हलवली.

आता जे लिहितोय ते नीट वाच, कारण या घरात सध्या याच्यापुढे दुसरं काही नाही.

आमच्या देशात एक जुना कायदा आहे. इतका जुना की कुणी केला हे कायद्याच्या पुस्तकालाही सांगता येत नाही. मी खाण कामगारांच्या वाचनालयात बसून, चष्मा पुसून पुसून वाचला. मारल्या दिवसापासून एक वर्ष आणि एक दिवस, एवढ्या मुदतीत मार खाल्लेला माणूस मेला, तर मारणाऱ्यावर खुनाचा खटला होऊ शकतो. मुदत उलटल्यावर मेला तर नाही. जखमेचा आणि मरणाचा धागा तेवढाच लांब धरायचा, पुढे तो तुटला असं समजायचं. मागच्या काळी वैद्यांना सांगता येत नसे की वर्षापूर्वीच्या घावाने मेला की कालच्या तापाने, म्हणून ही सोय. मार लागला तो दिवस पहिला धरायचा. म्हणजे पुढच्या वर्षीच्या तेरा सप्टेंबरला वर्ष भरतं आणि चौदा हा वरचा दिवस. पंधरा उजाडली की सुटला.

नॉर्मन कैद भोगतोय, पण तेवढ्याने सुटका नाही. जेकब मुदतीच्या आत गेला तर त्याला पुन्हा उभा करतील, या वेळी खुनासाठी. फावड्याने पाठ फोडली, शिवाय क्लबात पुरण्याची भाषा केलेली, वीस साक्षीदार. नोरा, आपल्याकडे अजून फाशी देतात, आणि ती त्याच डरहॅमच्या तुरुंगात देतात.

हे वकिलाने नॉर्मनच्या बायकोला, एल्सीला सांगितलं. एल्सीने स्वयंपाकघरात अ‍ॅडाला सांगितलं, आणि डाव्या कानाने ते पुढच्या खोलीतून ऐकलं. संध्याकाळी डॉक्टर आले तर जेकब म्हणतो, "डॉक्टर, मला चौदा सप्टेंबरपर्यंत पोचवा. पंधराला मी तुम्हाला काही त्रास देणार नाही."

डॉक्टर म्हणाले की असं ठरवून होत नसतं. जेकब म्हणाला, जोडीचे लीक प्रदर्शनाच्या दिवशीच नेमके भरात आणतो मी, आधी नाही नि नंतर नाही. तेही ठरवून होत नसतं असंच लोक म्हणतात.

मी एकटा असताना त्याला विचारलं की तुझी पाठ मोडली त्याने, त्याच्यासाठी एवढा आटापिटा कशाला. मला वाटलं देवाधर्माचं काही बोलेल. म्हणाला, "आमच्या भांडणाचा निकाल वाफ्यात लागायचाय, विल्फ. दोरीवर नाही."

चॅपलचं कॅलेंडर भिंतीवर टांगलंय. रोज सकाळी अ‍ॅडा एक फुली मारते.

विल्फ


ओमारू
१७ डिसेंबर १९५१

विल्फ,

मी कोलिनला तुझं पत्र वाचून दाखवलं. तो उठला आणि मेंढ्यांकडे निघून गेला. तो रडायला मेंढ्यांकडे जातो.

मी रडले नाही. मला राग आला. आपला जेकब पडल्या पडल्या दिवस मोजतोय, आणि कुणासाठी? माणसाने मरायचं की जगायचं हे मारणाऱ्याच्या सोयीने ठरवायचं का? देव करो आणि तो शंभर वर्षं जगो, पण त्याच्या स्वतःसाठी जगो. आणि तो आधीच गेला, तर मी स्वतः डरहॅमच्या पोलिसांना लिहीन की माझ्या भावाचा न्याय करा. तुम्हा सगळ्यांना नॉर्मनची दया, जेकबची कुणाला?

आणि हे बघ. "समोर सुरी घेतलेला चोर होता" हे कोर्टात म्हटलं गेलं आणि तू तिथे बसला होतास. आपल्या बापाने कुणाचं पडलेलं सफरचंद उचललं नाही. जेकब चोर होता का? हो की नाही, एका शब्दात लिही.

दुसरं पार्सल निघालंय. माझी अट तीच.

नोरा


कॉर्नलॉ
९ मार्च १९५२

प्रिय नोरा,

उत्तराला उशीर झाला. थंडी, माझी कंबर, आणि क्लबच्या सभा.

जेकब आहे. नाताळ गेला, डॉक्टरांनी दिलेला, आणि आता डॉक्टर तारखा देत नाहीत. हल्ली ते आठवड्यातून दोनदा येतात आणि मला वाटतं एकदा तरी स्वतःसाठी येतात. पलंगाशी बसतात, पोटॅश आणि शेणखताबद्दल विचारतात. परवा म्हणाले की परसात एक वाफा खणलाय.

कसा जगतो ते तुला सांगायला हवं, नाहीतर तुला वाटेल नुसता हट्ट. मूत्रपिंडांसाठी दिवसाला ठरलेलं पाणी प्यायचं. त्याला पाण्याचा कंटाळा, पण औषधाच्या बाटलीवरच्या रेघा मोजून पितो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसरात्र. एकट्या अ‍ॅडाच्या हातून हे होणं शक्य नाही. एक शेजारीण येते. अर्धा भार तीच उचलते. दोघींनी पाळ्या लावल्यात, खाणीसारख्या. खालच्या थरात काम करणाऱ्यांनाही मी इतकं चोख पाळी बदलताना पाहिलं नाही. एक उठते, दुसरी बसते, मधे शब्द नाही, फक्त त्याच्या अंगाखालची चादर एकीच्या हातून दुसरीच्या हातात जाते.

यंदा लीपवर्ष आहे. एकोणतीस फेब्रुवारीला अ‍ॅडाने फुली मारली तेव्हा जेकब खरोखर चिडला. "नेमकं याच वर्षी एक दिवस जास्त घालायचा होता का?" मग स्वतःच हसला. इतका हसला की कूस बदलावी लागली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. जेकब चोर नव्हता. याहून जास्त मला आज लिहिता येणार नाही, आणि का ते विचारू नकोस. मी कुणालातरी शब्द दिलाय.

लोणी उत्तम होतं.

विल्फ


ओमारू
२ मे १९५२

विल्फ,

आता मी बसून लिहितेय. तूही बसून वाच.

फेब्रुवारीत मी एल्सी हेडलीला पत्र टाकलं होतं. त्यात काय लिहिलं ते तुला सांगणार नाही, अ‍ॅडाला तर मुळीच नाही. जे तोंडाने बोलायला लाज वाटेल ते कागदावर बोलले, समुद्रापलीकडून, जिथून ती माझं थोबाड फोडू शकत नाही.

तिचं उत्तर काल आलं. माझ्या एकाही शिवीला उत्तर नाही. पहिली ओळ: "नोरा, जेकबला गिळताना त्रास होतो म्हणून मी कस्टर्ड पातळ करते, त्यात तुझं लोणी घालते, तुला चालत नाही हे मला अ‍ॅडाने वाचून दाखवलंय." मग पानभर नुसतं तेच. किती चमचे खातो. कुठल्या कुशीवर झोप लागते. सकाळची कूस ती बदलते कारण अ‍ॅडाचा डावा खांदा धरलाय. शेवटी लिहिलंय: "तो गेला तर माझा नवरा जाईल, म्हणून मी येते, असं गाव म्हणतं. पहिला महिना ते खरं होतं."

एक शेजारीण! मी समजत होते बेला स्टॉबर्ट येत असेल. लोणी जिथे जायचं तिथेच गेलं म्हणे. म्हाताऱ्या लबाडा, तू पाच महिने माझं लोणी एल्सी हेडलीच्या हातात देत होतास आणि मला उत्तम होतं म्हणून कळवत होतास.

मी पोलिसांना काही लिहिणार नाही. एवढंच आज जमतंय. माफ केलं वगैरे नाही.

पार्सलात या वेळी व्हॅनिला आहे. कस्टर्डात घालतात.

नोरा


कॉर्नलॉ
१० ऑगस्ट १९५२

नोरा,

घाईत लिहितोय. जेकबला गेल्या सोमवारपासून ताप आहे, एकशे चारपर्यंत गेला. डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई सुरू केलीय, तरी म्हणतात की शरीरात झुंजायला फारसं उरलं नाही. पस्तीस दिवस राहिलेत. अ‍ॅडा आणि एल्सी आता पाळ्या बदलत नाहीत, दोघीही बसून असतात. शुद्धीवर आला की विचारतो, "आज कितवा?" परवा भ्रमात त्याने नॉर्मनला हाक मारली, छत खाली येतंय, बाजूला हो म्हणून. एल्सी उठून बाहेर गेली आणि फाटक धरून उभी राहिली.

तुझ्याकडून त्याला काहीतरी लिही. कागद त्याच्या हातात देता येईल असं.

विल्फ


ओमारू
२२ ऑगस्ट १९५२

विल्फ,

तार मिळाली, ताप उतरल्याची. देवाचे आणि त्या सुईचे आभार. कोलिन पुन्हा मेंढ्यांकडे गेला.

सोबत बंद पाकीट आहे. त्यावर जेकबचं नाव आहे. चौदा सप्टेंबरला, रविवारचं जेवण झालं की दुपारी एकच्या ठोक्याला उघडायचं. आधी उघडलंस तर मला कळेल. मी आमच्या पोस्टमास्तरीणबाईंबरोबर बसून हिशेब केलाय, आणि त्या वेळेच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत.

नोरा


कॉर्नलॉ
२२ सप्टेंबर १९५२

माझ्या नोरा,

हे पत्र लांब होणार. चहा घेऊन बस.

रविवारी दुपारी अ‍ॅडाने घड्याळ जेकबच्या समोर उशीवर टेकून ठेवलं. आम्ही सगळे होतो: अ‍ॅडा, एल्सी, मी, आणि डॉक्टर, जे सहज आलो म्हणाले. जेकब आदल्या दिवसापासून राखेच्या रंगाचा झाला होता, बोटं गार, आणि मला मनातून वाटत होतं की एवढ्या काठावर येऊन हा बुडणार. एकचा ठोका पडला. मी पाकीट फोडलं आणि वाचलं. तुझेच शब्द आहेत, पण ते त्या खोलीत कसे वाजले ते तुला कळावं म्हणून परत लिहितो: "जेकब, तुमच्या घड्याळात एक वाजला की इथे पंधरा तारीख लागते. मी खिडकीत उभी आहे, बाहेर पंधरा तारीख आहे. जगाच्या एका बाजूला तू जिंकलास. तुझ्या बाजूचे अकरा तास राहिले. त्यातली एक पाळी तर तू रोज खाणीत काढायचास."

जेकबने कागद हातात मागून घेतला. म्हणाला, "नोरा पहिल्यापासून माझ्यापुढेच." मग चमचाभर कस्टर्ड मागितलं. दोन दिवसांत पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी एल्सीने पडदा सारला. ऊन होतं. अ‍ॅडा कॅलेंडरपाशी गेली, चौदावर फुली मारली आणि पेन्सिल तिथेच खाली ठेवली. जेकब जागा होता. त्याने एल्सीकडे बघून विचारलं, "आज कितवा?" त्याला माहीत होतं. तिच्या तोंडून ऐकायचं होतं. ती म्हणाली, पंधरा, आणि त्याच्या पायांवर डोकं टेकून रडली. त्याला ते कळलंही नसेल, पायांत जाणीव नाही. पण त्याने बघितलं.

मग त्याने मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "आता तुझा शब्द सुटला, विल्फ. बोलायचं तर बोल, नाहीतर नको बोलूस. मला दोन्ही चालेल."

आता तुला सांगतो. वर्षभर जे लपवलं ते.

त्या सकाळी पहारा माझा होता. पूर्ण उजाडेपर्यंत. शिट्टी माझ्या गळ्यात होती. पाचच्या सुमाराला वारा उठला, गारा येतील अशी हवा झाली, आणि नॉर्मनच्या लीकवरची गोणपाटं सुटली. गारेचा एक दाणा पातीला लागला की वर्ष फुकट. माझ्या बोटांना संधिवात, गाठी मारता येईनात, आणि थंडीने कंबर धरलेली. जेकब पाचला उठतो हे ठाऊक होतं. मी जाऊन त्याची खिडकी वाजवली आणि म्हटलं, नॉर्मनची गोणपाटं बांध, मी घरी जाऊन शेकतो. तो कोट अंगावर टाकून निघाला. सुतळी कापायला खिशात सुरी. आपल्या प्रतिस्पर्ध्याचे लीक वाचवायला, नोरा. ते गारांनी फाटले असते तर पहिलं बक्षीस त्याचंच होतं, हे त्याच्या डोक्यात क्षणभरही आलं नाही.

आणि मी शिट्टी त्याला दिली नाही. विसरलो. ती गळ्यात घालूनच घरी गेलो. नॉर्मनने फाटकातून हाक मारली ती जेकबच्या बहिऱ्या बाजूने. ऐकली असती तरी उत्तर द्यायला त्याच्याकडे शिट्टी कुठे होती?

पोलिसांना मी सांगितलं की उजाडलं म्हणून घरी गेलो. दवाखान्यात जेकबपुढे मी मोडून पडलो, म्हटलं की आत्ता जाऊन खरं सांगतो. त्याने माझी बाही धरली. म्हणाला, गप्प बस. समोर चोर होता म्हणूनच नॉर्मनला शिक्षा हलकी होईल. वाफ्यात भला माणूस होता असं कळलं तर त्याला कोण सोडतो? मी मेलोच आणि त्याला खुनासाठी उभा केला, तर तेव्हाही त्याच्याकडे एवढंच एक बोलायला असेल. पुढे त्या कायद्याचं कळल्यावर म्हणाला, मुदत संपेपर्यंत मी चोर. त्याने माझ्याकडून शब्द घेतला, आणि खरं सांगतो, तो शब्द माझ्या भित्रेपणाच्या मापाचा निघाला. मी तो आनंदाने घातला. वर्षभर गावाने आपल्या भावाला चोर म्हटलं. चॅपलच्या लोकांनी त्याच्या खिडकीवरून जाताना माना फिरवल्या. तो त्यांना हात करायचा.

परवा शनिवारी क्लबात प्रदर्शनाच्या लीकचं सूप होतं, नेहमीसारखं, मोठं पातेलं, सगळं गाव. मी उठलो. बोलण्याची तयारी केली होती, वाचनालयातून दोन चांगले शब्दही आणले होते. सगळं विसरलो. कपाटात वर्षभर मोज्यात गुंडाळून ठेवलेली शिट्टी काढून पातेल्याशेजारी ठेवली आणि म्हटलं, "ही त्या दिवशी माझ्याकडे होती." मग बाकीचं सांगितलं.

माझा वाडगा कुणी भरला नाही. मग हळूहळू लोक उठले, आपापले वाडगे घेतले आणि बाहेर पडले. मला वाटलं माझं तोंड बघायला नको म्हणून. खिडकीतून बघितलं तर सगळी रांग जेकबच्या घराकडे चालली होती, हातात सूप, सांडत.

त्याने एकवीस वाडग्यांतून एकेक चमचा घेतला, अ‍ॅडा सांगते. एकविसाव्याला म्हणाला की मीठ कमी आहे.

तू मला काय म्हणशील ते म्हण. मी ऐकीन.

विल्फ


ओमारू
५ ऑक्टोबर १९५२

विल्फ,

तीन दिवस मी तुझं पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवलं. चौथ्या दिवशी काढलं.

मी वर्षभर नॉर्मनला शिव्या घातल्या, आणि तू ते वाचून दर वेळी लोण्याबद्दल लिहिलंस. त्यासाठी तुझ्यावर मी रागावलेली राहीन, नाताळपर्यंत तरी. पण तू उभा राहिलास. बाबांना तेवढं पुरलं असतं.

जेकबबद्दल काय लिहू? लहानपणी त्याला मी खांद्यावर घेऊन ओढा पार करायची. वाटायचं, हा कधी मोठा होतोय. तो कधी एवढा झाला, विल्फ, आणि आपण कुठे होतो?

दोन डबे पाठवलेत, एकावर अ‍ॅडाचं नाव आहे, दुसऱ्यावर एल्सी हेडलीचं. नाव मी स्वतः रंगवलंय. तो डबा तू तिच्या दारापर्यंत न्यायचा आणि म्हणायचं, नोराकडून.

नोरा


कॉर्नलॉ
१४ डिसेंबर १९५२

प्रिय नोरा,

तार तुला मिळालीच. तीस नोव्हेंबरला, रविवारी, जेवणाच्या सुमाराला. शांत गेला.

डबा पोचवला. तू सांगितलंस तसंच म्हणालो. एल्सीने तो चुलीवरच्या फळीवर ठेवलाय, अजून उघडलेला नाही.

नॉर्मन चांगल्या वागणुकीची सूट मिळून तेरा नोव्हेंबरला सुटला. स्टेशनवरून घरी न जाता थेट जेकबकडे आला, हातात कागदी पुडकं, अंगावर तुरुंगात जातानाचाच कोट, आता दोन माणसं मावतील एवढा. मी कोपऱ्यात होतो. मला वाटलं पाय धरेल, रडेल. तो दाराशीच थांबला. जेकब म्हणाला, "खिडकीतून वर्षभर बघतोय. तुझ्या वाफ्यात पोटॅश कमी पडतंय." नॉर्मन म्हणाला, तुला काय कळतंय पोटॅशमधलं. आणि मग खुर्ची ओढून बसला, तो सतरा दिवस उठला नाही. कूस बदलायची पाळी त्याने घेतली.

गेल्यावर इन्स्पेक्टर आले. डॉक्टरांनी कागदावर खरं लिहिलं, मणक्याच्या जखमेतून मूत्रपिंडं गेली म्हणून. इन्स्पेक्टरनी बोटांवर महिने मोजले, वही मिटली, टोपी काढली आणि थोडा वेळ पलंगाशी उभे राहिले. कायद्याच्या लेखी आपल्या जेकबला कुणीच मारलं नाही.

जेकबचं बियाणं, जे त्याने मलाही कधी दाखवलं नाही, ते त्याने नॉर्मनला दिलं. नाताळच्या दुसऱ्या दिवशी खोक्यांत पेरायचं, एल्सीच्या खिडकीत. पुढच्या सप्टेंबरात ते जेकबच्या नावाने प्रदर्शनात लागतील, आणि नॉर्मन त्याच्या स्वतःच्या लीकने त्यांना हरवायचा प्रयत्न करील.

माझं सांगायचं तर सूपाच्या दिवसापासून शिट्टी क्लबातल्या खिळ्यावर होती. मी तिकडे बघत नसे. काल दुपारी दार वाजलं. नॉर्मन. आत ये म्हटलं तर आला नाही. खिशातून शिट्टी काढली, पुसलेली, चकाकणारी, आणि माझ्या गळ्यात घातली. मला वर बघवेना.

म्हणाला, "पुढच्या वर्षी पहिला पहारा तुझा. थंडी वाजली तर मला हाक मार, विल्फ. घरी जाऊ नकोस."

तुझा,
विल्फ